जावयाचं वाण

पत्र मला घरी आलं नाही. ते बँकेच्या पत्त्यावर आलं होतं. उघडं पोस्टकार्ड होतं, आणि माझ्या हातात पडेपर्यंत शाखेतल्या सगळ्यांनी ते वाचून काढलं होतं. त्याला मी वेळेवर उत्तर दिलं नाही. पण त्या सकाळी मी बँकेत गेलो होतो तो पत्रासाठी नव्हे, पेन्शन काढायला.

काउंटरवरच्या मुलीनं माझा चेक माझ्याकडेच परत सरकवला.

"काका, तुमचं खातं फ्रीझ झालंय. आत मॅडमना भेटा."

शाखेच्या व्यवस्थापक धनावडे मॅडम फोनवर कुणावर तरी डाफरत होत्या. त्यांनी मला खुणेनं बसवलं, फोन ठेवला आणि दार उघडंच असताना विचारलं, "मुतालिक, ऑनलाइन जुगार खेळता का तुम्ही?"

बाहेर बाकावर तिघेचौघे बसले होते. त्यांत आमच्या कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापकही होते. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "नाही हो. मी वाचतो."

"काय वाचता?"

"पुस्तकं."

बाहेर कुणीतरी हसलं. मी कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. सगळी नोकरी पुस्तकांच्या कपाटांमागे गेली, आणि निवृत्तीनंतर फक्त कपाटं घरची झाली, एवढाच काय तो फरक. माणसांशी बोलायची वेळ आली की मला नेहमी वाटतं, आपलं काहीतरी चुकतंय.

"गेल्या महिन्यात तुमच्या खात्यात सेहेचाळीस हजार आले, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते काढलेत," मॅडम म्हणाल्या. "कुणाचे होते?"

"आमच्या जावयांचे."

"जावयांचे नव्हते. वाशिम जिल्ह्यातल्या एका बाईंचे होते. तिला फोनवरून फसवून काढले. तिनं तक्रार केली. पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले ती सगळी तिकडच्या पोलिसांनी गोठवायला लावली. तुमचं त्यातलंच एक."

"पण जावई तर म्हणाले..."

"जावई बेटिंग खेळतात का ते विचारा त्यांना. ह्या साइटवाल्यांचं असंच चालतं. कुणी जिंकला आणि पैसे मागितले, की हे स्वतःच्या गल्ल्यातून देत नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी लुबाडून आलेले पैसे परस्पर इकडे वळवतात. जिंकणारा खूश, आणि चोरीचा माल त्याच्या घरात. त्यातले जे हुशार असतात ना, ते स्वतःचं खातं देतच नाहीत." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही विचारलं नाहीत, कसले पैसे म्हणून?"

"नाही."

"आणि काढून दिलेत?"

"अधिक महिना होता," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे वाणात दिलेत."

त्यांना हसू येत होतं की कीव, ते मला कळलं नाही. त्यांनी पुढे समजावून सांगितलं. मी जर लिहून दिलं की माझ्या शिलकीतून ही रक्कम त्या बाईंना द्यायला माझी हरकत नाही, तर पोलिसांमार्फत ते होऊ शकेल आणि खातं मोकळं होईल. नाहीतर मी निर्दोष आहे असं सिद्ध करत बसायचं. "ठरवा तुम्ही," म्हणून त्यांनी काचेच्या पेपरवेटखालचं ते कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

पत्ता असा होता: श्री. अनंत वामन मुतालिक, खातेदार, आणि खाली बँकेचं नाव, शाखा कराड. अक्षर मोठं आणि सावकाश काढलेलं.

"सा. न. वि. वि. तुमचं नाव मला पोलीस साहेबांनी कागदावर दाखवलं. माझी मंगरूळपीरला पिठाची गिरणी आहे. लाइटबिल भरलं नाही, आज कनेक्शन तोडतो, असा फोन आला. बिल भरलेलं होतं पण गिरणी कायमची बंद पडेल म्हणून मी घाबरले आणि तो माणूस सांगेल ते बटण दाबत गेले. मोटर जळाली होती, नवीसाठी ठेवलेले ते पैसे होते. आता दळण घेऊन लोक दुसरीकडे जातात. पैसे तुमच्या खात्यात आले असं दिसतं. तुम्ही वयानं मोठे आहात असं कळलं. तुम्हाला माहीत नसेल म्हणून लिहिते. मी तुमच्यावर रागावलेली नाही. काय ते कळवा. गोकर्णा नामदेव काळबांडे."

मी कार्ड खिशात घातलं आणि बाकावरच्या प्राध्यापकांकडे न बघता बाहेर पडलो.

आता पुन्हा अधिक महिना आला आहे. आमच्या घरी ह्या खेपेला अनारसे झालेले नाहीत. मागच्या अधिकात मात्र कुमुदनं, माझ्या बायकोनं, महिनाभर आधी तांदूळ भिजत घातले होते. धोंड्याच्या जेवणाला जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. आम्ही चांदीचं निरांजन द्यायचं ठरवलं होतं. तेवढ्यात परागचा फोन आला.

"नाना, मला चांदीबिंदी काही नको. एक छोटंसं काम करा, तेच माझं वाण. माझ्या खात्याला जरा टेक्निकल प्रॉब्लेम आहे. थोडे पैसे तुमच्या खात्यात येतील, ते काढून ठेवा. जेवायला येऊ तेव्हा घेऊन जाईन."

आमचा जावई पुण्यात एका विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. गोड बोलायचा, वाकून नमस्कार करायचा, कुमुदच्या आमटीला नावाजायचा. कसले पैसे, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण नारायणाला कुणी पावती मागतं का? मी "बरं" म्हणालो.

पैसे आले. मी ते काढले आणि पाकिटात घातले. जेवणाच्या दिवशी कुमुदनं वाणाच्या ताटात अनारसे रचले, निरांजन ठेवलं, शेजारी ते पाकीट ठेवलं आणि पाकिटाला हळदकुंकू लावलं. परागनं ताट दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. आमची रेवती शेजारी उभी होती. तिनं फोटो काढला.

बँकेतून आल्यावर मी कुमुदला कार्ड वाचून दाखवलं. तिनं ते माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं.

"काहीतरी गोंधळ असेल बँकेचा. जावयांना विचारा."

"तू विचार. तुझं ते ऐकतात."

"खातं तुमचं आहे."

मी फोन केला. पराग जराही गडबडला नाही. त्याची ती शांतता मला तेव्हा धीर देणारी वाटली.

"होतं नाना असं कधीकधी. घाबरू नका. आणि तो जुगार नाही हं, स्किल आहे. क्रिकेटचा अभ्यास लागतो त्याला. मी आमच्या वकिलांशी बोलतो. तोवर एक करा, त्या बाईला उत्तर देऊ नका. लिहून दिलं की ती कबुली होते. महिन्याच्या खर्चाला मी पाठवतो काहीतरी."

त्यानं खरंच पाठवले, कुमुदच्या खात्यात. दूध, वाणसामान, माझी औषधं, सगळं त्या पैशांतून यायला लागलं. ते पैसे तरी कुठून आले होते, हेही मी विचारलं नाही. मी फक्त जेवण कमी केलं. कुमुदला वाटलं, पित्त झालंय.

उत्तर देऊ नका म्हटलं तरी मी लिहायला बसत होतो. आमच्या ग्रंथालयातली जुनी तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची जाड कार्डं, संगणक आल्यावर टाकून देणार होते, ती मी घरी आणली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर कच्चा मजकूर लिहायचो. "आपलं पत्र पोचलं. बहुधा काही गैरसमजातून..." खोडायचो. "सदर व्यवहाराबाबत मला पूर्वकल्पना नसल्याने..." हे तर सरकारी खात्याचं वाटायचं. माझ्या प्रत्येक मसुद्यात बहुधा, कदाचित, असे शब्द इतके यायचे की बाईंनी वाचलं असतं तर त्यांना वाटलं असतं, ह्या माणसाला स्वतःचं नावही नक्की ठाऊक नाही.

"एवढं काय लिहिताय?" कुमुद विचारायची.

"काही नाही."

"मग खोडताय काय?"

एका रविवारी पराग आणि रेवती न कळवता आले. कुमुदची धावपळ उडाली. परागनं नमस्कार केला आणि माझ्या वाचायच्या खुर्चीत बसला. तो आला की ती खुर्ची मी त्याला देत असे. मी स्टुलावर बसलो. रेवती खिडकीशी उभी राहिली.

"नाना, वकिलांनी मार्ग काढलाय," परागनं बॅगेतून स्टँपपेपर काढला. "एकदम सेफ. प्रतिज्ञापत्र आहे. तुम्ही तुमच्या संग्रहातली काही दुर्मीळ पुस्तकं विकलीत. घेणाऱ्यानं ऑनलाइन पैसे पाठवले. त्यानं ते कुठून आणले, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. संपला विषय."

"पण मी पुस्तकं विकली नाहीत."

"विकली नाहीत, पण विकू शकता ना. मी म्हटलं असतं पुस्तकं विकली, तर कुणाचा विश्वास बसला असता? माझ्याकडे एक पासबुक आणि एक चेकबुक, दोनच बुकं." तो हसला. कुमुदही चहा ठेवताठेवता हसली. "तुमच्याकडे पुस्तकं आहेत हे अख्ख्या कराडला माहितीय. सोबत यादी जोडलीय बघा. किमती नेटवरून काढल्यात."

ह्यावर मी काय केलं असेल, तर चष्मा लावला आणि यादी तपासली.

"हा कोश पहिल्या आवृत्तीचा नाही. तिसरी आवृत्ती आहे. आणि ह्याचा दुसरा खंड माझ्याकडे नाहीये."

"नाहीच ना? कारण विकलात तुम्ही."

"नाही, तो पहिल्यापासूनच नव्हता."

"नाना," पराग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "नाहीये हे चांगलंच आहे आपल्याला."

"आणि ह्या बखरीची एवढी किंमत कुणी देणार नाही. वाळवीनं खाल्लेली आहे."

"मग ती खोडा. तुम्हाला पटेल ती घाला. तुमचा विषय आहे." त्यानं खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं. बखरीचं नाव खोडलं आणि दुसरं कुठलं पुस्तक त्या किमतीला बसेल ह्याचा विचार करू लागलो. हे मी खरोखर केलं. खोट्या यादीतही चुकीची आवृत्ती नको, असा माझा स्वभाव.

"त्या बाईंचं काय होईल?" मी यादीतून मान वर न करता विचारलं.

"कुठल्या बाई?"

"काळबांडे बाई. गिरणीवाल्या."

"त्यांचं पोलीस बघतील. तुम्ही पत्रबित्र नाही ना लिहिलंत?"

"नाही."

"शाब्बास," पराग म्हणाला.

ती शाब्बासकी माझ्या पाठीवर थाप पडावी तशी पडली. मी पेन खाली ठेवलं नाही, पण खोडायचं थांबलो.

"इथं सही करा. आणि मागच्या पानावर. पंधरावीस दिवसांत खातं मोकळं होईल, मग पुढचे काढता येतील."

"पुढचे?"

खिडकीशी रेवती चटकन म्हणाली, "पराग."

"अगं, नानांपासून काय लपवायचं? घरचेच आहेत." तो माझ्याकडे वळला. "साइटवर माझे अजून दोन लाख अडकलेत. जिंकलेले, हक्काचे. चोरी नाही केली मी. पण दर वेळी नवं खातं द्यावं लागतं, त्याशिवाय ते सोडत नाहीत. तुमचं एकदा चालून गेलंय."

"मग तुमच्या खात्यात घ्या."

मला वाटलं, मी काहीतरी अपमानास्पद बोललो. माफी मागावी अशा बेतात होतो. तेवढ्यात रेवती म्हणाली,

"त्याचं खातं मार्चपासून बंद आहे, नाना."

"का?"

"असंच. कुणाचे तरी पैसे आले होते. बंगालमधल्या कुणाचे."

मी परागकडे पाहिलं. तो चहात बिस्किट बुडवत होता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "माझ्या खात्यात येतील ते पैसे कुणाचे तरी लुबाडलेले असतील, हे माहीत होतं."

"असू शकतील, एवढंच माहीत होतं. दहातल्या एखाद्या वेळेला होतं असं. म्हणून तर पेन्शनचं खातं बरं. झालंच काही तर म्हाताऱ्या माणसाला पोलीस फार त्रास देत नाहीत. आणि नाना, आपले पैसे आपल्याला मिळाले, ते कुठून आले हे आपण कशाला बघायचं? बँकेतून नोट घेताना तुम्ही विचारता का, ही आधी कुणाच्या खिशात होती?"

"तुमच्या वडिलांचं खातं होतं की. त्यांनाही पेन्शन आहे."

"बाबांचं?" त्याला खरंच हसू आलं. "बाबा विचारतात हो. कसले, कुणाचे, का. हजार प्रश्न. त्यांना कोण सांगत बसणार?"

"आणि मी?"

परागनं दुसरं बिस्किट उचललं. बोलली रेवती, खिडकीबाहेर बघत.

"मीच म्हटलं होतं, नानांचं घे. नाना विचारत नाहीत."

माझी मुलगी लहान असताना मी तिला कधी रागावलो नाही. मार्क कमी पडले तरी, पैसे हरवून आली तरी, हाच मुलगा हवा म्हणाली तरीही. मला वाटत असे, हा माझा चांगुलपणा आहे. आपण कुणाच्या भानगडीत पडत नाही, कुणाला अडचणीत टाकत नाही, ह्याचा मनात थोडा अभिमानही होता. त्या खोलीत मला कळलं की त्या चांगुलपणाचा भाव बाजारात केव्हाच ठरला होता. पैसे काढायचे तर सगळ्यांत सुरक्षित खातं कुठलं? जो तोंड उघडत नाही त्याचं.

"ऊठ," मी म्हणालो.

"काय?"

"ऊठ. माझ्या खुर्चीवरून ऊठ."

लग्न झाल्यापासून मी परागला अहोजाहो करत आलो होतो. कुमुदच्या हातातली बशी तशीच राहिली. रागावायची सवय नसल्यामुळे माझा आवाज किरटा निघाला, मध्येच फाटला. पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

पराग उठला. "नाना, शांत व्हा. तुमचं बीपी..."

"माझं बीपी माझं आहे. तेही तुझ्या नावावर करून देऊ का? हिनं, कुमुदनं, त्या पाकिटाला कुंकू लावलं. महिनाभर तांदूळ भिजवून अनारसे केले आणि त्यात ते ठेवलं. तुला माहीत होतं आत काय आहे. एका बाईच्या गिरणीची मोटर होती त्यात. आणि तू ते ताट कपाळाला लावलंस."

"हे बघा, मी सगळं तुमच्याच भल्यासाठी..."

"माझी पुस्तकं विकायची होती तर ती घेऊन जायचीस. त्यांच्या आडून चोरी कसली करतोस? चाळीस वर्षांत मी ह्या कपाटातलं एक पान कुणाचं लाटलेलं नाही. आणि तू किमती काढून आणल्यास. त्याही चुकीच्या."

आता जवळजवळ तीन वर्षांनी ते वाक्य आठवलं की मला स्वतःचंच हसू येतं. पण तेव्हा कुणी हसलं नाही. परागचा चेहरा बदलला होता. गोडवा गेला की त्याचं तोंड किती लहान दिसतं, हे मी प्रथमच पाहिलं.

"ठीक आहे," तो कागद गोळा करत म्हणाला. "नका करू सही. पण उद्या तुम्ही त्या बाईला काही लिहिलंत आणि त्यात माझं नाव आलं, तर कंपनी मला दारात उभं करणार नाही. मग तुमच्या मुलीनं काय करायचं, तेही लिहा त्यात."

"अहो," कुमुद घाईनं म्हणाली, "बाईंचे पैसे देऊन टाका आपल्यातले. नावाची काय गरज आहे? रेवतीचा संसार आहे."

पैसे देणं सोपं होतं, ते मलाही पटत होतं. पण पराग कोपऱ्यात उभा राहून पुढच्या दोन लाखांचा विचार करत होता, हे मला दिसत होतं. माझं नाही तर दुसऱ्या कुणाचं खातं. कुणा मावशीचं, कुणा शेजारच्या आजोबांचं. आणि त्या दोन लाखांच्या मागेही कुणीतरी असणारच होतं, ज्यानं घाबरून बटणं दाबली.

मी रेवतीकडे वळलो. "तू सांग. काय करू?"

मी तिला असं काही विचारायची ती बहुधा पहिलीच वेळ होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"मला नका विचारू, नाना," ती म्हणाली. मग पर्स उचलून परागच्या पुढे चालत जिना उतरली. पराग मागोमाग गेला. नमस्कार केला नाही.

कुमुदनं संध्याकाळी न विचारता भात टाकला आणि न बोलता वाढला. जेवताना एकदाच म्हणाली, "फोटोत पाकीट दिसतंय. रेवतीनं काढलेल्या. मी आत्ता पाहिलं." तिनं भात चिवडला. "मीच कुंकू लावलं."

"तुला माहीत नव्हतं."

"मी तरी कुठं विचारलं?"

सकाळी मी शर्ट घातला तेव्हा ती दारात आली. "पाकिटातून पाठवा. पोस्टातले सगळे वाचतील. बँकेतल्यांनी वाचलं तेवढं पुरे."

"तिनं मला उघडं लिहिलं, कुमुद."

"तिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं."

ती बरोबर बोलत होती. मी पायऱ्या उतरलो तरी ती दारातून हलली नाही. मला वाटत होतं, ती हाक मारेल आणि मी परत फिरेन. तिनं हाक मारली नाही. का मारली नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

मुख्य पोस्टात मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि तिथल्या उतरत्या फळीच्या टेबलाशी उभा राहिलो. शेजारी एक तरुण मुलगी पार्सलवर पत्ता लिहीत होती. मी कच्चा मजकूर केला नाही. कार्डावर जागा थोडी असते, त्याचा फायदा झाला.

"श्रीमती गोकर्णा काळबांडे यांस, स. न. वि. वि.

आपले पैसे माझ्या खात्यात आले हे खरं आहे. मी ते काढले आणि माझे जावई पराग मधुकर हुपरीकर, राहणार पुणे, यांना दिले. ते ऑनलाइन जुगार खेळतात आणि जिंकलेले पैसे दुसऱ्यांच्या खात्यांतून काढतात. पैसे कुणाचे आहेत हे मी त्यांना विचारलं नाही. माझ्या शिलकीतून आपली रक्कम आपल्याला मिळावी अशी लेखी संमती मी आज बँकेत देत आहे. हे कार्ड तिकडच्या पोलिसांना दाखवावं. त्यांनी बोलावलं तर मी मंगरूळपीरला येईन.

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर देऊ नका असं मला सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं. आपण रागावला नाहीत असं लिहिलंत. रागवा. मीही रागावलेलो आहे.

अनंत वामन मुतालिक"

शेजारची मुलगी मान तिरकी करून वाचत होती. माझ्या लक्षात आल्यावर ती ओशाळली. पूर्वी मी हातानं कार्ड झाकलं असतं. मी ते तसंच राहू दिलं. शाई वाळायला वेळ लागत होता. वाळल्यावर पत्ता पुन्हा एकदा तपासला, पिनकोड तिच्या कार्डावरून ताडून पाहिला, बाहेर आलो आणि कार्ड पेटीत टाकलं.